डोळे आले म्हणे

हनुवटी मशीनच्या कपात, कपाळ पट्ट्याला घट्ट टेकवलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हलायचं नाही, बोलायचं नाही." लग्नाला वर्षही झालं नव्हतं, पण ही सूचना मला एव्हाना तोंडपाठ होती.

नागपूरच्या त्या दवाखान्यात माझ्या एका बाजूला सासूबाई उभ्या होत्या, दुसऱ्या बाजूला बाबा. उजव्या बुबुळावर पांढरा ठिपका आला होता आणि त्या डोळ्याने समोरचं माणूसही ओळखू येत नव्हतं. बाईंनी डोळ्यात पिवळं औषध टाकून निळा उजेड पाडला.

"इथे जखम आहे, हिरवी चमकतेय. काही लागलं होतं का? पाला, काडी?"

"नाही जी," सासूबाई म्हणाल्या, "डोळे आले तिचे. गावात साऱ्यायलेच येऊन राहिले."

लग्न ठरताना त्यांनी बाबांना शब्द दिला होता, मॅट्रिक झालेल्या पोरीला वावरात पाठवणार नाही. सासरी कुहीला धान कापणीला आला, मजूर मिळेनात, आणि विळा माझ्या हातात आला. वाकले तशी धानाची पात सर्रकन बुबुळावरून गेली. घरात मात्र त्याला 'डोळे आले' असं नाव पडलं आणि वर गुलाबपाणी. असा संताप यायचा! पण सांगणार कोणाला?

बाई म्हणाल्या, "डोळे आले असतील तर साधे थेंब देते. पाल्याची जखम असेल तर आत बुरशी असू शकते, खरवडून काचेवर बघावं लागेल. औषध चुकलं तर डोळा जाईल. नीट आठवा."

मला नुसता निळा उजेड दिसत होता. बोलले तर सासर जाणार, गप्प राहिले तर डोळा. मी हनुवटी उचलली.

"धान कापताना पात लागली."

डोळा बधिर करून बाईंनी जखम हलकेच खरवडली, ते काचेवर घेऊन आत गेल्या. परत येऊन म्हणाल्या, "बुरशीच आहे. सांगितलंत ते बरं केलंत. डोळा वाचेल."

मला हायसं वाटलं. आता बाबा मला घरी नेतील, याची तर खात्रीच होती. बाबांनी घसा खाकरला आणि सासूबाईंपुढे हात जोडले.

"मनावर घेऊ नका जी. लहान आहे, बोलून गेली. डोळा बरा झाला का मीच आणून सोडतो तिले कुहीले."