किल्टचं कूळ

परागने मक्याची कणसं उलटायचा लांब चिमटा माझ्या किल्टच्या काठाला लावला आणि काठ वर उचलला.

हाताने नाही. चिमट्याने.

"बघू तरी रे, आत काय आहे!" तो ओरडला. ग्रिलभोवतीची माणसं खो खो हसली. त्याची बायको मेधा धावत व्हिडिओ कॅमेरा घेऊन आली. "थांब थांब, परत उचल. रेकॉर्डिंग चालू नव्हतं."

त्याने परत उचलला.

आत आखूड निळी पँट होती. मी कोकणातला माणूस, समुद्रावरच्या वाऱ्याचा भरवसा धरत नाही. चिमटा नुकताच जाळावरून काढलेला होता. त्याचं टोक मांडीला लागलं, असं असावं. मला काही कळलं नाही. संध्याकाळी फोड दिसला तेव्हा कळलं.

तेव्हा मी काय केलं? दोन्ही हातांनी निऱ्या धरल्या, मान वेळावली आणि गिरकी मारली. टाळ्या. शिट्ट्या. मेधा म्हणाली, "हे मंडळात दाखवायचं!"

दोन हजार पाचचा उन्हाळा. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहायचो. आयटीतल्या तीन मराठी कुटुंबांनी मिळून आऊटर बँक्सच्या समुद्रावर खांबांवर उभं असलेलं एक मोठं घर आठवड्याभरासाठी घेतलं होतं. आम्ही तिघं: मी, माझी बायको सुजाता आणि अकरा वर्षांची प्रज्ञा. पराग-मेधाबरोबर त्याचे वडील अप्पा होते, रत्नागिरी जिल्ह्यातून सहा महिन्यांसाठी आलेले. तिसरं कुटुंब परागच्या ओळखीचं. अप्पांचं घराणं खोतांचं. हे त्यांनी आल्या दिवशीच सगळ्यांना सांगितलं होतं. विचारलं नसताना.

आणि मी? मी गटाचा विनोदी माणूस. गणपतीचं नाटुकलं मी बसवायचो. व्हिसाच्या मुलाखतीची नक्कल, बर्फात घसरणाऱ्या देशी काकांची नक्कल. माझ्याशिवाय पार्टी नाही. याचं मला कौतुक होतं, पण मी हसवायचो त्याचं खरं कारण वेगळं होतं. हसणारा माणूस प्रश्न विचारत नाही. हे मी शाळेतच शिकलो होतो.

माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. असलं आडनाव ब्राह्मणाचं असतं, मराठ्याचं असतं, कुणाचंही असतं. कुणी मूळचे कुठले विचारलं की मी म्हणायचो, चिपळूण. चिपळूणला स्टेशन आहे, गाडी थांबते. माझं उत्तरही तिथेच थांबायचं.

आता किल्ट. ऑफिसात डग नावाचा एक म्हातारा होता. रिटायर व्हायला आलेला, पूर्वज स्कॉटलंडचे म्हणून अभिमानाने फुगलेला. आदल्या उन्हाळ्यात तो मला डोंगरातल्या एका जत्रेला घेऊन गेला. तिथे गुडघे उघडे टाकलेले दाढीवाले पुरुष अख्खी झाडाची खोडं उचलून फेकत होते. मी खूश. नाटकी माणसाला याहून काय हवं? एका स्टॉलवर किल्ट लटकत होते, नाना चौकड्यांचे. मी हात लावून बघत होतो. स्टॉलवरची बाई प्रेमाने म्हणाली, "व्हॉट्स युअर क्लॅन, हनी?"

माझा हात तिथेच थांबला. तळव्याखाली लोकर होती, लागत नव्हती.

डगने समजावलं. प्रत्येक क्लॅनची चौकडी वेगळी. क्लॅन म्हणजे घराणं. म्हणजे आपलं कूळ. एवढा समुद्र ओलांडून, एवढा डोंगर चढून गेलो तर तिथेही टेबलापलीकडून तोच प्रश्न.

बाई वाट बघून म्हणाली, "नो क्लॅन? नो प्रॉब्लेम." तिने मागून एक निळा-हिरवा किल्ट काढला. हा कुणीही घालायचा, म्हणाली. आणि माझ्या कमरेला लावून बघितला.

मी तो घेतला. जुलै महिन्यात समुद्रावर लोकरीचा किल्ट! सुजाता म्हणाली, "उकडून मराल." मेलो तर मेलो. कुळाचा प्रश्न विचारूनही उत्तराशिवाय हाती मिळालेली ती माझ्या आयुष्यातली पहिली गोष्ट होती. मला ती घालायचीच होती.

तर चिमट्याचा खेळ संपला आणि आम्ही डेकवर जेवायला बसलो. सुजाताने सोलकढी केली होती. अप्पांनी दुसरा ग्लास मागून घेतला. "अगदी आमच्याकडची चव हो," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "काय हो, हे नेसलंय काय तुम्ही?"

पराग म्हणाला, "अप्पा, तिकडे प्रत्येक क्लॅनचं कापड वेगळं असतं. कापडावरून कूळ ओळखतात."

"अस्सं." अप्पा रंगात आले. "आमच्याकडेही कुळं होती. चिक्कार होती. कूळकायदा आला, जमिनी गेल्या आणि कुळं झाली मालक." त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. "आमची कुळं लंगोटीवर असायची. अमेरिकेतली बघा, घागरा नेसतात."

हशा. मीही हसलो. बहुतेक सगळ्यांत मोठ्याने.

मराठीतला हा शब्द मोठा खोडकर आहे. ज्याच्याकडे जमीन, त्याचं कूळ म्हणजे त्याचा वंश. ज्याच्याकडे नाही, तो स्वतःच दुसऱ्याचं कूळ. आम्ही दोन्हींत नव्हतो. कूळ व्हायलाही खोताच्या अंगणात पाय ठेवावा लागतो. माझे आजोबा गावाची मेलेली गुरं ओढायचे आणि निरोप पोचवायचे, अंगणाच्या बाहेरून हाक मारून.

"तुम्ही मूळचे कुठले?" अप्पांनी विचारलं.

"रत्नागिरी जिल्हा."

"अरे वा! तालुका?"

"चिपळूण."

"गाव तर तुमच्या आडनावातच आहे. आमच्या खाडीपलीकडचं. बरोबर ना?"

मी मान हलवली. गाडी चिपळूणला थांबली नव्हती. पुढे निघाली होती.

"वाडी कुठली?"

कोकणातला माणूस हसतहसत हा प्रश्न विचारतो. वाडी कळली की सगळं कळतं. माझ्या ओठांवर तीन विनोद तयार होते. एक तर फर्मास होता. जीभ हलेना. ऊन अंगावर होतं, वारा किल्टमध्ये शिरत होता. हे दिसत होतं. जाणवत काहीच नव्हतं. कमरेखालचा माणूस कुणी दुसराच बसला होता.

"ब्राह्मणवाडीत तुमच्या आडनावाचं कुणी नाही," अप्पा आठवत म्हणाले. "मग मराठवाडी? वरची की खालची?"

सुजाता माझ्याकडे बघत नव्हती. ताटाकडे बघत होती. एक 'वरची' म्हटलं असतं तर सुटलो असतो. पुढची वीस वर्षं सुटलो असतो.

"व्हॉट्स अ वाडी?" प्रज्ञाने विचारलं.

अप्पा तिच्याशी फार गोड बोलायचे. म्हणाले, "वाडी इज लाइक क्लॅन, बेटा. एव्हरी क्लॅन, सेपरेट वाडी."

"कूल. बाबा, विच वन इज आवर्स?"

तिने सहज विचारलं. खाली घातलेली मान वर करून, तोंडात कणीस, दातांत मक्याचे दाणे. अप्पांना मी फसवू शकलो असतो. हिला वरची वाडी सांगितली असती, तर ती ते खरं मानून आयुष्यभर लोकांना सांगत फिरली असती.

"बौद्धवाडी," मी म्हणालो. "माझ्या आजोबांच्या वेळी तिला महारवाडी म्हणायचे."

ग्रिलवर एक कणीस जळत होतं, ते कुणी उलटलं नाही.

आधी मेधाला कंठ फुटला. "अय्या! तू अजिबात वाटत नाहीस रे."

कसा वाटायला हवा होतो, ते तिने सांगितलं नाही.

पराग म्हणाला, "अरे यार, आपण असलं काही मानतच नाही." त्याने 'आपण' म्हटलं. मला विचारून नाही.

अप्पांनी सोलकढीचा ग्लास बाजूला सरकवला. अर्धा भरलेला. "पोट जड झालं," ते कुणालातरी म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट जरा समजूत घातल्यासारखा आवाज.

"तू आधी सांगायचंस."

तू.

चिमट्याचं मला काही वाटलं नव्हतं. घागऱ्याचं नाही, लंगोटीचं नाही. हे एक अक्षर मात्र आत जाऊन लागलं. सकाळपासून, काल, परवा, विमानतळावर आणायला गेलो त्या दिवसापासून मी 'तुम्ही' होतो. 'तुम्ही गाडी छान चालवता हो.' 'तुमची कन्या हुशार आहे हो.' एका वाडीच्या अंतरात 'तू' झालो.

"अप्पा," मी म्हणालो, "मघापर्यंत तुम्ही मला 'तुम्ही' म्हणत होतात. तेच चालू ठेवा."

"अरे, असं काय करतोस?" पराग मध्ये पडला. "वडीलधारे आहेत ते."

"कालही वडीलधारेच होते."

"सेन्स ऑफ ह्यूमर कुठे गेला तुझा? जाऊ दे ना यार. ऊठ, एक गिरकी मार. सगळ्यांचा मूड ठीक होईल."

"नाही."

एवढंच म्हणालो. मोठ्याने नाही. हा शब्द मी त्या गटात पहिल्यांदाच उच्चारला असेन, कारण परागला तो समजायला वेळ लागला. मग अप्पा उठून आत गेले.

आम्ही घर सोडून निघून आलो नाही. सुजाताने विचारलं, निघायचं का? मी म्हटलं, आपण का निघायचं? उरलेले दिवस मी किल्ट घालून वाळूवर फिरलो. अप्पांनी मला 'तू' म्हटलं नाही आणि 'तुम्ही'ही नाही. 'चहा झाला का?' 'बाहेर ऊन आहे का?' कर्ता गाळूनही वाक्य उभं राहतं. मराठीत तशी सोय आहे.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या कडेने चालताना प्रज्ञाने विचारलं, "इफ इट्स जस्ट अ प्लेस, व्हाय डिड एव्हरीबडी गो क्वायट?"

मी तिला सगळं सांगितलं. गुरं, अंगण, हाक मारायची जागा, माझी शाळा, चिपळूण. मध्ये एकही नक्कल केली नाही. मला वाटलं होतं सांगताना काहीतरी होईल, रडू येईल, राग येईल. काही आलं नाही. पाय पाण्यात होते, पाणी गार असणार. मग ती म्हणाली, "यू शुड हॅव टोल्ड मी." तिने म्हटलेलं मी ऐकून घेतलं. तो हक्क तिचा होता.

ऑगस्टमध्ये परागचा फोन आला. आवाज नेहमीसारखा. "गणपतीला तुझा आयटेम ठेवलाय. तो किल्ट घालूनच ये यार, पब्लिक वेडं होईल."

"येतो," मी म्हणालो. "पण माझी ओळख मीच करून देणार. गाव आणि वाडी, दोन्ही सांगून."

"फॅमिली प्रोग्रॅम आहे रे. त्यात ते कशाला?"

"मग मीही कशाला?"

त्या वर्षी मंडळात माझा आयटेम झाला नाही. त्यानंतर जिथे जिथे झाला, तिथे मी आधी माझं नाव सांगितलं, मग वाडी, मग विनोद. ज्यांचं हसू वाडीपाशी अडतं, त्यांना मी हसवत नाही. मी त्यांच्याकडे बघत उभा राहतो आणि पुढचं वाक्य बोलतो.