माझ्या नावावरचे युरो

आम्ही अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला राहायला आलो तेव्हा नवऱ्याच्या ऑफिसातल्या मराठी मंडळींना बँकांच्या बोनसचं वेड लागलेलं होतं. नवं खातं उघडायचं, बँक म्हणेल तेवढी रक्कम म्हणेल तितके दिवस ठेवायची, बोनस पदरात पडला की खातं बंद करून पुढची बँक गाठायची. शनिवारी कुणाकडे जेवायला जमलो की बाहेरच्या खोलीत हीच चर्चा. माझा नवरा त्यात सगळ्यांच्या पुढे. पगार चांगला होता, अडचण म्हणून तो हे करत नव्हता. बँकेला हरवल्याची मजा होती त्यात.

एकदा घराजवळच्याच बँकेनं परकीय चलनाच्या खात्याची ऑफर काढली. खात्यात युरो किंवा पाउंड घेऊन तीन महिने ठेवायचे, मग घसघशीत बोनस. या बँकेचा बोनस नवऱ्यानं आधीच एकदा घेतला होता, त्यामुळे त्याला पुन्हा मिळणार नव्हता. तेव्हा त्याला माझी आठवण झाली.

मी डिपेंडंट व्हिसावर होते. नागपूरला कॉलेजात शिकवायचे, इथं नोकरी करायची परवानगी नव्हती. बाबांनी माझ्या नावावर ठेवलेली एक एफडी मोडून मी पैसे इकडे आणले होते, ते आमच्या जॉइंट खात्यात होते. "नुसते पडलेत, त्यांना कामाला लावू," नवरा म्हणाला. खातं माझ्या एकटीच्या नावावर असणार हे मला मनातून आवडलंही. या देशात माझ्या एकटीचं असं काहीच नव्हतं.

बँकेतल्या बाईंनी विचारलं, युरो कशासाठी हवेत? काय सांगायचं ते नवऱ्यानं गाडीत पढवून ठेवलं होतं. मी म्हटलं, फिरायला जाणार आहोत. बाई खूश झाल्या. तरुणपणी त्या पोर्तुगालला गेल्या होत्या, तिथल्या समुद्राबद्दल, माशांबद्दल सांगत बसल्या. नवरा शेजारी बसून मान डोलावत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, छान खोटं बोलतेस की. रुपयांचे डॉलर झालेच होते, आता डॉलरचे युरो झाले. माझे पैसे माझ्याआधी युरोपात पोचले.

बोनस मिळायला थोडेच दिवस उरले होते तेव्हा भावाचा फोन आला. बाबांना न्यूमोनिया झाला होता, व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं. भाऊ एरवी बडबड्या आहे. त्या दिवशी एवढंच म्हणाला, "ताई, तू येऊन जा."

मी तिकिटं पाहायला बसले. ऐनवेळची तिकिटं भयंकर महाग होती. त्या महिन्यात आमचे बाकीचे पैसे नवऱ्यानं दुसऱ्या दोन बँकांत असेच अडकवून ठेवले होते. मी म्हटलं, माझ्या खात्यातले काढते. तो माझ्याजवळ येऊन बसला. आवाज चढवला नाही, तो कधीच चढवत नाही. आयसीयूत तुला कोण सोडणार आहे, तिथं तुझा भाऊ आहे, डॉक्टर आहेत, आणि तिकीटही जरा स्वस्त होईल, असं समजावत राहिला. मग म्हणाला, "दोनच आठवडे थांब. आत्ता काढलेस तर बोनस जाईल."

तो असं बोलू शकतो याचा मला धक्का बसला नाही. त्याचं म्हणणं मला क्षणभर पटलं, याचा बसला. मी उठून भांडी घासायला गेले.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर मी बर्फातून गाडी काढली आणि बँकेत गेले. त्याच बाई होत्या. आता पैसे काढलेत तर बोनस मिळणार नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. मधल्या काळात युरो उतरला होता, त्यामुळे ठेवले त्यापेक्षा डॉलर कमीच हातात आले. प्रवास रद्द झाला का, असं त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, वडील आजारी आहेत. त्यांनी भराभर काम उरकून दिलं. गाडीत बसून मी तिकीट काढलं आणि मग नवऱ्याला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं: ओके.

मी पोचले तेव्हा बाबा व्हेंटिलेटरवरच होते. मला काचेतूनच बघू देत. काही दिवसांनी नळी काढली आणि आत सोडलं. घशातून धड आवाज फुटत नव्हता. माझा हात धरून त्यांनी आधी विचारलं, "जावईबापूंची गैरसोय होत असेल ना?" नाही म्हटलं मी. त्यांनीच पाठवलंय, असंही सांगितलं. बाबांना फार बरं वाटलं. घरी आल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगत, जावयानं लगेच पाठवलं हो हिला.

ते काठी घेऊन अंगणात फिरायला लागल्यावर मी परतले. डेट्रॉइटच्या विमानतळावर नवरा घ्यायला आला होता. बॅगा त्यानंच उचलल्या, बाबांची चौकशी मनापासून केली. हायवेला लागल्यावर म्हणाला, "बरे झाले ना? म्हणजे दोन आठवडे थांबली असतीस तरी चाललं असतं."

भांडायला हवं होतं. विमानात झोप झाली नव्हती आणि कशापासून सुरुवात करायची तेच कळेना.

पुढे ही त्याची पार्टीतली गोष्ट झाली. बँकांचा विषय निघाला की तो सांगायचा, हातातोंडाशी आलेला बोनस हिनं कसा घालवला, वर युरोत तोटा कसा केला. छान रंगवून सांगायचा. सगळे हसायचे, मीही हसायचे. एकदा कुणाची तरी आई भारतातून आली होती, त्या काकूंनी तेवढं मला बाजूला घेऊन विचारलं, वडील कसे आहेत आता?

पुढच्याच वर्षी बाबा गेले. या वेळी व्हेंटिलेटर नाही, काही नाही, सकाळी चहा पिता पिता गेले. नवऱ्यानं किंमत न बघता मिळेल ते तिकीट काढलं, मला विमानतळावर सोडलं, आत शिरेपर्यंत उभा राहिला. तेव्हा आमचे पैसे कुठल्याच बँकेत अडकलेले नव्हते. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. भाऊ म्हणाला, मागच्या वर्षी आलीस ते बरं झालं.

परत आल्यावर बरेच दिवस आम्ही कुणाकडे गेलो नाही. मग एका वाढदिवसाला गेलो. जेवणं झाल्यावर कुणीतरी नव्या बँकेच्या ऑफरचा विषय काढला आणि नवरा सवयीनं सुरू झाला, की आमच्या हिनं एकदा... आणि थांबला. माझ्याकडे बघितलं. खोलीभर शांतता झाली असती तर मला चाललं असतं. पण त्याचा एक मित्र म्हणाला, "युरोचा किस्सा ना?" आणि उरलेली गोष्ट त्यानंच सांगून टाकली. सगळ्यांना ती पाठच होती. सगळे हसले. नवऱ्यानं खाली बघितलं, आणि मग तोही हसला.