‘आवडीने’ हा शब्द माझा

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या भावावर. यंदाच्या रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, कल्याणच्या एका देवळाच्या सभामंडपात, आमच्या जातीच्या पाच पंचांनी आणि त्यांच्यामागे मांडी घालून बसलेल्या पन्नासएक गृहस्थांनी तो केला. त्या गृहस्थांपैकी निम्मे आमच्या ठाण्याच्या घराच्या ओटीवर बसून, सुपारी चघळून, पोटभर हसून गेलेले होते. मी कोणाचंही नाव घेत नाही. वाचतील ते स्वतःला ओळखतील, तेवढं मला पुरे.

दादा मुंबईच्या एका पेढीवर कारकून आहे. पेढीच्या कामासाठी तो दोनदा समुद्रापार गेला. आधी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या जंगबारला, मग दोन वर्षांनी विलायतेला. जंगबारहून आला तेव्हा कोणी चकार शब्द काढला नाही, कारण येताना त्यानं पोतंभर लवंगा आणल्या होत्या आणि आईनं त्या घरोघरी वाटल्या होत्या. पंचांच्याही घरी गेल्या. लवंगेला विटाळ नव्हता. विलायतेहून मात्र तो नुसत्या गोष्टी घेऊन आला, आणि तिथंच चुकला.

त्या गोष्टी ऐकायला रविवारी दुपारी आमची ओटी भरायची. दादा मुळात भिडस्त. बोलताना स्वतःच्या गुडघ्याकडे बघतो. पण परदेशाचा विषय निघाला की त्याचा आवाज सुटायचा. जंगबारचा किनारा दिसायच्या आधी त्याचा वास येतो, असं तो सांगायचा. आगबोटीवर उभं असावं, चहूकडे पाणी, आणि वाऱ्यावर एकदम लवंग! गावात रस्त्यांवर चटया टाकून लवंगा वाळवतात, माणसं कडेकडेनं चालतात. तिथल्या दारांवर मनगटाएवढे पितळी खिळे. विलायतेत बर्फ पडलं तेव्हा त्याला कळव्याच्या मिठागरांतले ढीग आठवले, आणि कोणी बघत नाहीसं पाहून त्यानं चिमूटभर जिभेवर ठेवलं.

“खारट होतं?” धाकटीनं विचारलं. धाकटी म्हणजे आमची बहीण, अकरा वर्षांची.

“कसलं खारट! नुसतं पाणी. फसलो.”

“अरे, तिथं थंडीनं नाक गळून पडतं म्हणतात,” शेजारचे काका म्हणाले. “तुझं शाबूत कसं?”

“मुळातच लहान आहे ना, काका. थंडीला सापडलं नाही.”

काका गडगडून हसले. हे काका कचेरीतून निवृत्त झालेले, वडील गेल्यापासून आमच्या घरातलं वडीलधारं माणूस. एकही रविवार त्यांनी चुकवला नाही.

दादाला सगळ्यात जास्त आवडलेल्या गोष्टी दोनच होत्या. एक, बागेतलं बाक. तो एकटाच बसला होता. एक गोरा म्हातारा आला, शेजारी बसला, “आज हवा बरी आहे,” म्हणाला आणि पेपर वाचू लागला. बस्स. एवढीच गोष्ट. पण ज्या माणसाचे वडील ठाण्याच्या कचेरीत साहेबासमोर जोडे काढून जन्मभर उभे राहिले, त्याला ती सांगताना दर वेळी थांबावं लागायचं.

दुसरी, पेजेची गोष्ट. विलायतेत तो एका खलाशाच्या म्हाताऱ्या विधवेकडे खोली घेऊन राहायचा. पोचल्यावर महिन्याभरातच त्याला ताप भरला. तोवर तो स्वतःचा भात स्वतः शिजवत होता, आता उठवेना. म्हातारी तीन दिवस त्याच्या उशाशी बसली आणि तिकडच्या कसल्याशा धान्याची पेज तिनं त्याला चमच्यानं भरवली. त्याची भाषा तिला येत नव्हती, तिची त्याला तापात धड कळत नव्हती. ती नुसती, “हं, हं,” करायची, लहान मुलाला करतात तसं.

“पेजेचं सांग ना पुन्हा,” असं काका दर रविवारी म्हणायचे. आणि ऐकून झालं की उपरण्यानं डोळे टिपायचे. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी.

आता माझा गुन्हा सांगतो.

मी पत्रकं लिहितो. विधवांच्या केशवपनाविरुद्ध लिहिलं, हुंड्याविरुद्ध लिहिलं, शिव्या खाल्ल्या. मला वाटलं, दादाच्या आवडीच्या गोष्टींचं एक चोपडं छापावं. परदेशगमनावर दहा व्याख्यानं देऊन होत नाही ते यानं होईल. त्याच्या तोंडून ऐकून मी सोळा पानांचा मजकूर तयार केला. पेजेपाशी दादानं मला जपून सांगितलं होतं, “लिही, की तापात पेज खावी लागली.” त्याला सगळं ठाऊक होतं. बोलताना काहीही बोललं तरी छापताना काय लिहावं, हे त्याला माझ्यापेक्षा बरं कळत होतं.

आणि मी काय केलं? छापखान्यात प्रुफं तपासताना ती ओळ मला मिळमिळीत वाटली. पत्रकात ‘लागली’, ‘पडली’, ‘झाली’ असं लिहिलं की वाचणारा जांभई देतो, हे मला कळत होतं. मी शाईनं ‘खावी लागली’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘आवडीने खाल्ली’. छपाईचे खिळे जुळवणारा म्हणाला, “हे बरं वाटतं.” मलाही बरं वाटलं. दादाला विचारायचं मनात आलंसुद्धा नाही.

चोपडं निघाल्यावर पंधरा दिवसांत पंचांचा निरोप आला. त्यात धमकी नव्हती. मुलानं यावं, प्रायश्चित्त घ्यावं, विषय मिटवावा. धाकटीचं लग्न कल्याणातल्याच एका घरी ठरलेलं. येत्या अक्षय तृतीयेचा मुहूर्त. पंगत खुली नसेल तर लग्नात जेवायला कोण बसणार? आई म्हणाली, “घे बाबा. शेण-गोमूत्रानं कोणी मरत नाही.” दादा तयार झाला. प्रायश्चित्तानंतर जेवण घालायचं म्हणून आईनं तांदूळ, नारळ, गूळ, पत्रावळी असं सगळं सामान बांधलं. एवढं ओझं म्हणून आम्ही होडी केली आणि पहाटेच्या भरतीबरोबर खाडीतून कल्याणला गेलो.

होडीवाला कळव्याचा. कशाला चाललोय ते त्याला कळलं तेव्हा तो वल्हं थांबवून हसला. “समुद्र वलांडला म्हून? आवो, हे खालचं पानी समुद्राचंच हाय की! मंग तुमचे पंच ठान्याला जेवाया येतात, त्याचं काय?”

आई म्हणाली, “तू गप वल्हव.” पण तिलाही हसू आलं होतं.

सभामंडपात मधोमध पंचांतले मुख्य, शास्त्रीबुवा. खरं लिहायचं तर ते माणूस म्हणून वाईट नव्हते. दादाला त्यांनी जवळ बसवलं, “मुला” म्हणून हाक मारली. आई खांबाआड इतर बायकांत बसली. मग शास्त्रीबुवांनी विचारलं, “पुस्तकातला मजकूर कोणी वाचून दाखवील का?”

उठले कोण? काका! आमचे काका. कनवटीला लावलेला चष्मा काढून त्यांनी तो नाकावर चढवला, माझंच चोपडं उघडलं, आणि ज्या गोष्टीवर ते दर रविवारी रडले होते ती त्यांनी खणखणीत आवाजात, एकेक शब्द ठोकून वाचली. ‘म्हातारीने भरवलेली पेज मी आवडीने खाल्ली.’ वाचून झाल्यावर चष्मा काढला. या खेपेला डोळे टिपले नाहीत.

मागून कोणीतरी म्हणालं, “आवडीने! म्हणजे मिटक्या मारत!” आणि हशा पिकला.

शास्त्रीबुवांनी हात वर केला. “मुला, खाल्लं असेल तर उपाय आहे. आपत्काली माणसानं काय खाल्लं, ते शास्त्र पोटात घालतं. पण आवडलं असेल तर माझ्यापाशी उपाय नाही. पश्चात्ताप नाही, तिथं प्रायश्चित्त कशाचं? तू एवढंच म्हण, की नाइलाजानं खाल्ली, नकोशी वाटली. पुढचं मी बघतो.”

मी उभा राहिलो. “शास्त्रीबुवा, दादानं ‘खावी लागली’ असंच सांगितलं होतं. ‘आवडीने’ हा शब्द माझा आहे. मी छापताना घातला. शिक्षा काय ती मला करा.”

मंडपातली सगळी माणसं सैल झाली. शास्त्रीबुवांच्या तोंडावर तर हसूच आलं. “बघा! पोरानं शाई सांडली आणि आपण घर धुवायला निघालो होतो. काय रे, हा म्हणतो ते खरं ना?”

सगळं मिटलं होतं. दादानं नुसती मान हलवायची होती.

दादा गुडघ्याकडे बघत होता. मग त्यानं खांबाकडे पाहिलं, आई बसली होती तिकडे. म्हणाला, “शब्द धाकट्याचा आहे. पण गोष्ट खरी आहे. मला ती पेज आवडली.”

“मुला, विचार कर.”

“केला. नाइलाजानं खाल्ली, हे म्हणतो. हजार वेळा म्हणतो. चुकलो असंही म्हणतो. पण नकोशी वाटली, हे कसं म्हणू? परक्या बाईनं तीन दिवस बसून मला जगवलं. तिच्या हातचं नकोसं वाटलं, असं देवासमोर म्हणू? आणि माझी आई तिथं बसलीय, तिच्यासमोर म्हणू?”

पुढचं पाच मिनिटांत उरकलं. अन्नव्यवहार बंद. जो त्याच्याबरोबर पंगतीला बसेल, त्याचाही बंद. काकांनी पंचांच्या बाजूनं सगळ्यात आधी मान डोलावली. शास्त्रीबुवा आमच्याकडे न बघता उठून गेले.

न शिजलेले तांदूळ, न फोडलेले नारळ परत होडीत घातले. ओहोटी लागायला अवकाश होता, म्हणून आम्ही तिघं बंदरावर सामानाला टेकून बसून राहिलो. मी पंचांना मनात येतील त्या शिव्या देत होतो. मध्येच आईनं दादाला विचारलं,

“मीठ घातलं होतं का रे तिनं?”

“कशात?”

“पेजेत.”

“घातलं होतं.”

“मग बरं,” आई म्हणाली. आणि नऊवारीच्या पदरानं तोंड पुसून खाडीकडे बघत राहिली.

माझ्या आईनं शास्त्राचं एक अक्षर वाचलेलं नाही. पण आजारी मुलासमोर ठेवलेल्या वाडग्याबद्दल विचारण्यासारखा प्रश्न एकच होता, आणि तो तिनं विचारला. पन्नास शहाण्यांना तो सुचला नाही. त्यांना ‘आवडीने’ सापडलं, ‘मरत होता’ हे सापडलं नाही!

त्यानंतर मुलाकडच्यांचं पत्र आलं. लग्न मोडत नाही, म्हणतात, मोठी कृपा. कन्यादान मामा-मामी करतीलच. मुलीच्या थोरल्या बंधूंनी त्या दिवशी पेढीच्या कामानिमित्त मुंबईस राहावं, म्हणजे कोणालाच अवघड नको. दादा ते वाचून म्हणाला, “राहीन.” पण धाकटीनं ऐकलं होतं.

“मग नवऱ्याचा कान कोण पिळणार?” तिनं विचारलं. लग्नात तो मान मुलीच्या भावाचा असतो.

मी म्हटलं, “मी पिळतो.”

“तू नको. तू खरोखरचा पिळशील.” आणि मग रडायला लागली. “दादा नसेल तर मी पाटावर बसणारच नाही जा!”

आईनं तिला जवळ घेतलं आणि दादाला सांगितलं, “तू मुंबईला जायचं नाहीस. तुझं पान पहिल्या पंगतीत मांडायचं. लग्न घरी आहे, आणि घर माझं आहे.”

मुलाकडचे यायचे ते येतील, नाही तर दारातून परत जातील. ते आम्ही भोगू. पण आता तुमच्याशी बोलतो. हो, तुमच्याशीच, जे हे वाचताय. माझ्या दादाच्या गोष्टी तुम्ही ऐकल्यात. जंगबारच्या लवंगा तुमच्या डब्यात गेल्या. बर्फाच्या गोष्टीला हसलात, पेजेच्या गोष्टीला गहिवरलात. नसाल ओटीवर आलेले, तर आत्ता इथं वाचून ऐकल्यात. त्या तुम्हांला आवडल्या. नाही म्हणू नका, आवडल्या नसत्या तर तुम्ही इथवर वाचत आला नसता. मग आवडण्याची शिक्षा एकट्यानंच का भोगायची?

विलायतेत एक अनोळखी म्हातारा न विचारता त्याच्या शेजारी येऊन बसला होता. ठाण्यात त्याच्या बापाच्या घरात त्याच्या शेजारी बसायला माणूस मिळत नाही.

येत्या अक्षय तृतीयेला, दुपारी, आमच्या अंगणात पहिल्या पंगतीत दादाचं पान मांडलेलं असेल. उजवीकडच्या पानावर मी आहे. डावीकडचं रिकामं आहे. तिथं बसाल तर तुमचीही पंगत बंद होईल, हे आधीच सांगून ठेवतो. या, आणि त्या पानावर बसा.