कटिंगची रेघ

बाबांच्या पंचाहत्तरीचा फोटो कॅलेंडरवर छापायचा म्हणून मी प्रेसमध्ये बसले होते. डिझायनर ताईंनी स्क्रीनवर फोटोच्या चारी बाजूंनी एक लाल रेघ आखली. "मॅडम, रेघेबाहेरचं सगळं कटिंगला जातं. या कडेच्या बाई अर्ध्या कापल्या जातायत. चालेल?"

"चालेल," मी म्हणून गेले.

मग नीट पाहिलं, तर ती विमलआत्या. बाबांची धाकटी बहीण, जन्मभर आमच्याकडेच राहिलेली. माझे कान तापले. घरोघरी असं एक माणूस असतं, ओले हात पदराला पुसत फोटोला सगळ्यांत शेवटी येणारं. "मधे ये की," असं आपण तोंडाने म्हणतो, पण सरकून जागा कुणीच करत नाही.

"फोटो लहान करा, पण त्यांना आत घ्या."

"वरखाली कोरी पट्टी सुटेल."

"सुटू दे."

ताईंनी फोटो आत ओढला. आत्या सबंध दिसली. तिने दोन्ही हातांनी एक जांभळी पर्स पोटाशी सांभाळून धरली होती.

पर्स माझी. फोटोत बरी दिसणार नाही म्हणून मीच तिच्याकडे दिली होती.