दाराशी बसणारी माणसं

चैत्रातली दुपार. जेवण आवरून सुनेत्रा पेडणेकर पलंगावर आडवी होते, पण झोपायला म्हणून नाही. पाठ टेकायची, डोळे मिटायचे आणि चारच्या आत ठरवून टाकायचं, की आज संध्याकाळी राममंदिरात कीर्तनाला उभं राहायचं का नाही. गावच्या कॉलेजात बारावीला रसायनशास्त्र शिकवणारी ही बाई काल आयुष्यातलं पहिलं कीर्तन करून आली आहे, आणि आख्यान रंगायच्या आत अर्धा मंडप उठून गेला आहे. "वर्ग सुटावा तसा मंडप सुटला की हो, बाई!" उत्सवाची व्यवस्था बघणारे खोतकाका सगळ्यांदेखत म्हणाले. आजचं कीर्तनही तिच्याच नावावर आहे. चारला खोतकाका उत्तर विचारायला येतील. नाही म्हणाली तर भजनी मंडळ तयारच बसलंय, आणि मग पुन्हा या गावात तिला कीर्तनाला कोणी विचारायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

पंखा कुरकुरतोय. ऐकता ऐकता त्या कुरकुरीत तिला झांजांचा ठेका सापडतो. पापण्यांच्या आत तांबूस ऊन भरून आलंय, आणि त्या उन्हात कोणीतरी उंच स्टुलावर बसलंय.

"सुनू, हे उकळत का नाही गं?"

भालूमामा. पंचक्रोशीचे कीर्तनकार भालचंद्रबुवा, तिच्या आईचे सख्खे भाऊ. त्यांनीच तिला लहानपणी पेटी शिकवली आणि पुढे कितीतरी वर्षं आपल्या मागे साथीला बसवलं. मामा गेला आहे, हे तिला माहीत आहे. पण ते माहीत असणं शेजारच्या खोलीतल्या बोलण्यासारखं आहे. कानावर येतं, लक्ष जात नाही.

कॉलेजची प्रयोगशाळा आहे. मामा धोतर सावरून, पाय स्टुलाच्या दांडीवर ठेवून बसलाय. कपाळाला बुक्का, समोर बर्नरवर बीकर. हयात असताना त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं की तू शिकवतेस तरी काय. 'वास मारणाऱ्या बाटल्या' एवढीच त्याची तिच्या विषयाची ओळख. आता मात्र शाळकरी पोरासारखा मान वाकडी करून बघतोय.

"मीठ टाकलंस का त्यात?" ती विचारते.

"टाकलं की मूठभर. नुसत्या पाण्याला काय चव?"

"मग उशीर लागणारच. साध्या पाण्यापेक्षा मिठाचं पाणी जास्त तापवावं लागतं."

"ते का?"

"पाण्याचे कण सारखे उडून जायला बघत असतात, मामा. पण उडायचं तर आधी वरच्या थरात यायला हवं. तिथल्या काही जागा मिठाच्या कणांनी अडवल्या, आणि मीठ काही उडत नाही. मग उडणारे कमी झाले. सगळ्याला खदखदायला जास्त आच लागते."

"उठून जाणारे कमी झाले," मामा पुटपुटतो आणि बीकरवर वाकतो. तीही वाकते.

आत पाणी नाही. आत राममंदिराचा मंडप आहे, वरून दिसतोय. टोप्या, अंबाडे, गजरे, एक झोपलेलं मूल. आणि मग वरून कुठे, ती दोघं मंडपाच्या दारातच उभी आहेत. पायाखाली गार फरशी आहे. कालचंच कीर्तन चाललंय. पुढे व्यासपीठावर ती स्वतः घसा ताणून बोलते आहे, आणि दाराजवळची माणसं एकेक करून वाफेसारखी वर उठताहेत.

"बघू नकोस ना, मामा."

"का नको? चांगलं बोलतेस की. हां, वनवास जरा लांबवलास." तो पहिल्या रांगेकडे बोट करतो. तिथे कमळाकाकू आणि तिच्या आठ-दहा मैत्रिणी मांडी ठोकून बसल्यात. आरतीचं तबक फिरेपर्यंत भूकंप झाला तरी न हलणाऱ्या बायका. "यांना पुढे कोणी बसवलं?"

"मीच. मानाच्या आहेत. शिवाय माना डोलावणारी माणसं समोर असली की धीर येतो."

"आणि दाराशी?"

"दाराशी काय, जो येईल तो."

"म्हणजे सगळं मीठ तळाशी बसलेलं, आणि वर नुसतं पाणी!"

वर्गात म्हणावं तसं सुनेत्राच्या तोंडून निघून जातं, "तळाशी बसलेलं मीठ आम्ही मोजतच नाही. विरघळलेलं तेवढंच खरं."

"बघ! आता सांग, दाराशी बसवायचं कोणाला? खोतांच्या वहिनी बसवल्या तर जास्त गुण येईल, की आमची भाजीवाली शेवंती?"

"कोणीही. मीठ असो, साखर असो, युरिया असो, पाणी कोणाची जात विचारत नाही. नुसती डोकी मोजतं. कण कोणते ते नाही, किती ते महत्त्वाचं. पुस्तकात त्याला कोलिगेटिव्ह गुणधर्म म्हणतात."

मामा मांडीवर अशी थाप मारतो की मंडपातलं मूल जागं होतं. "अगं, आम्ही हेच घसा फोडून सांगत आलो! आणि तू ते इतकी वर्षं बाटल्यांत कोंडून ठेवलंस?"

ती हसते. हसता हसता तिला धक्का बसतो, कारण खिडकीबाहेर काजूची झाडं मागे पळताहेत. एसटी आहे. तिच्या मांडीवर पेटी आहे, पूर्वी असायची तशी, आणि शेजारी मामा शेंगदाणे सोलतोय.

"मीठ आणि साखर सारखंच का मग?" तो विचारतो. त्याचं अजून तिथेच चाललंय.

"तेवढं मात्र नाही. साखरेचा कण पाण्यात गेला तरी एकच राहतो. मिठाच्या कणाचे फुटून दोन होतात, म्हणून त्याचा परिणाम जवळपास दुप्पट."

"जोडपं!" मामा ओरडतो. पुढच्या बाकावरची बाई वळून बघते. "घरून एकत्र येतं, आणि मंडपात शिरलं की ती बायकांत, तो पुरुषांत. घर एक, जागा दोन. बरं, आणि दोन मैत्रिणी गळ्यात गळा घालून कुजबुजत बसल्या तर?"

"तसंही असतं. काही आम्लांचे कण काही द्रवांत जोडीजोडीनं चिकटून राहतात. मग दोन असून मोजताना एकच."

"त्यांना वेगळ्या बसवाव्या लागतात," मामा गंभीरपणे म्हणतो. "फार गोडीनं सांगावं लागतं पण."

कंडक्टर येतो. "किती?"

"दोन," मामा सांगतो.

कंडक्टर त्याच्याकडे बघतो, मग तिच्याकडे, आणि एकच तिकीट फाडून तिच्या हातावर ठेवतो.

ते तिकीट बघून शेजारच्या खोलीतलं बोलणं एकदम स्पष्ट ऐकू येतं.

"मामा, तू आता असतोस कुठे?"

"विरघळलोय," तो शेंगदाणा तोंडात टाकत म्हणतो. "दिसत नाही म्हणजे नाही, असं शिकवतेस का पोरांना?"

"नाही. पाण्यात मीठ आहे का, ते उकळून बघायला सांगते."

"मग?"

"काल होतास तू?"

"होतो तर. दाराशीच बसलो होतो." तो बाहेर बघतो. "पण मी एकटा किती पुरणार, सुनू?"

ती मांडीवरची पेटी सावरते. मग ती म्हणते, "मीठ आपलं आपण सगळीकडे पसरतं. या म्हाताऱ्या नाही पसरायच्या. कमळाकाकूला मागे बस म्हटलं तर रुसेल ती माझ्यावर."

"म्हणून ढवळायचं असतं."

"कोणी?"

"बुवानं, आणखी कोणी? मी तासभर आधी जायचो ते काय चहासाठी? एकीला विचार गुडघा कसा आहे, दुसरीला विचार सून कधी येणार. बोलता बोलता हाताला धरायचं, आणि जिथं हवी तिथं बसवायची. म्हणायचं, काकू, दार तुमच्या भरवशावर सोडतोय. एकही रुसली नाही. तू कॉलेजातून सुटलीस ती थेट व्यासपीठावर. माणसांत शिरलीसच कुठे?"

देवळामागचा पार आहे. ऊन उतरलंय, निंबाचा मोहोर पडतोय, आत तबला लावताहेत. मामा तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळतो आणि तोंड वाकडं करतो.

"आणि हा पदर! असा लोंबता सोडून उभी राहतेस. टाळी वाजवायला जातेस नि हात त्यात अडकतो. वळ तिकडे."

ती वळते. तो पदर पाठीवरून घट्ट ओढून घेतो, टोक कमरेच्या साडीतून काढतो आणि पाठीवर गाठ मारतो. पाठीच्या मधोमध त्याची बोटं लागतात. शेंगदाण्याच्या टरफलासारखी खरखरीत.

"घट्ट होतंय, मामा."

"होऊ दे. चार तास सुटता कामा नये."

"थांबशील ना आज?"

आत घंटा वाजते. पुन्हा वाजते. तिसऱ्यांदा वाजते तेव्हा ती दारावरची आहे.

सुनेत्रा उठून दार उघडते. चार वाजलेत. खोतकाका चपला न काढता उंबऱ्याबाहेरच उभे आहेत.

"काय ठरलं मग, बाई? भजनी मंडळाला निरोप देऊ ना?"

"नको," ती म्हणते. आपला आवाज तिला जागा वाटतो. "मी उभी राहणार आहे. पण आत्ताच निघते. कमळाकाकूकडे जायचंय आधी, मग शेवंतीकडे."

"अहो, कीर्तन सहाला! दोन तास आधी जाऊन करणार काय?"

"लोकांना भेटणार."

खोतकाका काहीतरी टोमणा मारायला तोंड उघडतात, पण ती चपला घालायला वळते आणि ते तसेच थांबतात. "हे कोणी बांधून दिलं तुम्हाला?" त्यांचा आवाज उतरलेला असतो. "बुवा उपरण्याला मारायचे ती गाठ. दुसऱ्या कोणाला जमली नाही ती."

सुनेत्राचा हात मागे जातो. घरात ती एकटीच आहे. पदर पाठीवरून ताठ ओढलेला आहे, कमरेला कसलेला. ती डावा हात वळवून बघते, मग उजवा. बोटांची टोकं कापडावरून फिरतात, पण गाठ पाठीच्या मधोमध आहे, आणि तिथवर तिचा हात पोहोचत नाही.