उविलुक मध्येच बोलली

उत्तरेकडच्या बर्फातल्या आमच्या वस्तीतलं पहिलं बोलकं यंत्र चालवायला उविलुकच्या हाती आलं तेव्हा तिचं लग्नही झालं नव्हतं. वायरलेस होतं ते. एकाने बोलायचं, ‘ओव्हर’ म्हणून गप्प बसायचं आणि किनाऱ्यावरच्या सगळ्या वस्त्यांनी कान टवकारून ऐकायचं. कोणाची सासू गेली, कोणाला मुलगी झाली, कोणाच्या जावयाने सीलचं मांस एकट्यानेच फस्त केलं, सगळं सगळ्यांना कळायचं. ज्यांचं ऐकायचं राहून जाई ते उविलुकला खोदून खोदून विचारत. पण दोघांच्या बोलण्यात तिसऱ्याने तोंड घालायचं नाही आणि ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, हा यंत्र देणाऱ्या साहेबांचा नियम तिने अंगी मुरवून घेतला होता. “हिची जीभ गोठलीय!” बायका चिडून म्हणायच्या.

म्हातारा कुपाक त्या यंत्राकडे कधी फिरकला नाही. त्याच्या लेकीला, सिआसीला, लहानपणीच क्षय झाला म्हणून जहाजाने दक्षिणेला नेलं होतं. ती बरी झाली, मोठी झाली, तिथल्याच इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. “लेकीशी चारचौघांत काय बोलायचं?” कुपाक म्हणायचा, आणि झुरायचा.

मग उपग्रहावरून चालणारा फोन आला. आता गावाला ऐकू जात नव्हतं. लाइन तुटू नये म्हणून उविलुक तेवढी कानाला दुसरं यंत्र लावून शेजारी बसायची. सिआसीचा फोन येणार म्हटल्यावर कुपाक कातड्याचे नवे बूट चढवून हजर झाला.

“बाबा, मला घरी यायचंय,” सिआसी म्हणाली. “पण मला कातडं शिवता येत नाही. बोलतानाही अडखळते. अशी आले तर चालेल तुम्हाला?”

कुपाकने भुवया उंचावल्या. आमच्याकडे ‘हो’ तसंच म्हणतात, आणि नाक आक्रसलं की ‘नाही’. एवढ्याशासाठी तोंड कशाला शिणवायचं?

फोनमध्ये नुसती खरखर.

“बाबा, रागावलात का माझ्यावर?”

कुपाकने नाक असं आक्रसलं की डोळेच मिटले.

“कळलं मला.” सिआसीचा आवाज बारीक झाला. “इतक्या वर्षांनी कोण कोणाचं? ठेवते मी.”

आता मात्र उविलुकला राहवेना. नोकरी गेली तरी बेहत्तर, पण हे डोळ्यांदेखत होऊ द्यायचं? ती पुढे वाकली आणि ओरडली, “सिआसी, ठेवू नकोस! अगं, येऊ का विचारलंस तेव्हा बापाच्या भुवया टोपीत शिरल्या होत्या!”

 पलीकडून एक हुंदका आला.

“खरंच, ताई? आणि रागावलात का विचारलं तेव्हा?”

“तेव्हा नाकाचा पार चोळामोळा केला त्यांनी!”

कुपाकने आधी उविलुककडे, मग हातातल्या फोनकडे रागाने पाहिलं. दोघी बायका कशावरून रडताहेत हेच त्याला कळेना.

“मी केव्हाचा हो म्हणतोय, पोरी!” तो फोनवर खेकसला. “तू ये आधी!”