आमरीचं माहेर

गौरीसाठी तेरडा काढायला बायका कड्यावर आल्या, तेव्हा मी ओल्या कातळावर पालथा पडून आमरी बघत होतो. आमरी म्हणजे आपलं रानातलं ऑर्किड. कड्यावरची ही जात अगदी लहान, फूल नखाएवढं आणि पांढरं. कातळाच्या चिरेत चिमूटभर माती असते, तेवढ्यावर हिचा सगळा संसार. वारा आला की ती वाकते आणि वारा गेला की पुन्हा दरीकडे तोंड करून उभी राहते. इतक्या अवघड जागी कुणाला एवढं निवांत राहता येतं, याचं मला दरवर्षी नवल वाटतं.

बायकांमध्ये एक नवी सून होती. सासरची तिची ही पहिलीच गौर. तेरड्याचीच गौर करतात, म्हणून तो मुळासकट उपटायचा असतो. त्याच ओघात तिनं आमरीलाही हात घातला. मी काही बोलणार, तोच तिची सासू म्हणाली, "तिला राहू दे गं. गौर माहेरपणाला येते म्हणून आपण तिला घरी नेतो. ही तर माहेरीच आहे."

सुनेनं हात मागे घेतला, पण ती उठली नाही. फुलाकडे बघत तशीच बसून राहिली.

आवडलं की घरी न्यायचं, यालाच आपण माया म्हणतो. फुलांच्या बाबतीत आणि लेकीसुनांच्याही.

सासू तेरड्याच्या जुड्या बांधत होती. तिनं सुनेकडे एकदा नीट पाहिलं.

"गौरी बोळवल्या की आईकडे जाऊन ये," ती म्हणाली. "आणि परत यायची घाई करू नकोस."